मोरसला गेलेला माणूस

कागदावर त्याचं नाव होतं, बापाचं नाव होतं. वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, तालुका, गाव, जहाज, सगळं होतं. आडनाव तेवढं नव्हतं. मॉरिशसहून आलेल्या पाहुण्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, घडीच्या रेघेवरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, “ताई, हे आमचे खापरपणजोबा.”

पाहुण्यांचं मराठी शाळेत शिकलेलं. घरी क्रिओल, कामाच्या ठिकाणी फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी सणावारापुरतं. पण ‘खापरपणजोबा’ हा शब्द त्यांनी न अडखळता उच्चारला. बहुधा वाटेत घोकून आले असावेत.

मी मालवणच्या बाजूला राहते. मोडी वाचता येते म्हणून लोक जुने कागद घेऊन येतात. गहाणखतं, वाटण्या, देवळाच्या मानपानाच्या याद्या, एखाद्या आंब्याच्या झाडावरून चाललेली तीन पिढ्यांची तक्रार. या कागदात मोडीचं एकही अक्षर नव्हतं. तो मॉरिशसमधल्या एका नोंदवहीचा उतारा होता, इंग्रजीत लिहिलेला. आणि त्यासोबत एक छायाचित्र.

ती नोंदवही कशी तयार झाली ते आधी सांगायला हवं, कारण या माणसाची सगळी ओळख तिच्यातच आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोचलं. तीन महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 1835 ला, मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना गुलामांच्या जागी दुसरे हात हवे होते आणि ते हिंदुस्थानात स्वस्त मिळत होते. पहिल्या काही वर्षांत फसवणूक आणि पळवापळवी इतकी झाली की 1839 मध्ये कंपनी सरकारला ही निर्यात बंद करावी लागली. 1842 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आता कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून, करारपत्रं आणि अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबईहून गेलेली शंभरातली सहा-सात. थोडी, पण त्यांत आमच्या कोकणातली पुष्कळ.

खरं तर त्यांच्याही आधी मराठी माणसं तिथे होती, मजूर म्हणून नव्हे तर काळ्या पाण्याचे कैदी म्हणून. बंगाल आणि मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना तिथे रस्ते बांधायला पाठवत. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे कैदी पाहिले, आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं त्याला नवल वाटलं. ही गोष्ट पाहुण्यांना ठाऊक होती. त्यांनी ती मला सांगितली आणि लगेच म्हणाले, “आमचे खापरपणजोबा मात्र कैदी नव्हते.” मी म्हटलं, असते तरी मी कागद वाचलाच असता.

खापरपणजोबा 1850 च्या दशकात गेले. त्या वेळी मालवण इंग्रजांकडे येऊन चाळीसेक वर्षं झाली होती. 1812 मध्ये कोल्हापूरकरांकडून ते कंपनीने घेतलं. किनाऱ्याची पट्टी अरुंद, माणसं दाट. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. घरात चार भाऊ असले तर दोघांना पुरेल इतकंच. म्हणून भात झोडून झालं की तरुण पोरं गलबतात बसून मुंबई गाठत. गोदीत हमाली, एखाद्याच्या घरी घरगडी, पलटणीत भरती, जे मिळेल ते. शिमग्याला नाहीतर मिरगाच्या आधी परत. मुंबईची पहिली कापडगिरणी 1854 मध्ये स्थापन झाली, तेव्हा गिरणगाव अजून उभा राहायचा होता. परळ-लालबागच्या चाळींआधीचा चाकरमानी तो हाच.

अशा पोरांना मुंबईत मुकादम गाठत. काही मुकादम स्वतः मॉरिशसला राहून आलेले, तिथे ‘सरदार’ म्हणून टोळीवर नेमलेले. आमच्याकडे सरदार म्हटलं की डोळ्यांसमोर घोडा येतो. तिथे सरदार म्हणजे उसाच्या शेतात मजुरांच्या टोळीवरचा मुकादम. बेट लांब नाही असं सांगायचं, पगार सांगायचा, जेवण मिळतं हे सांगायचं. महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, तूप, मीठ. घरी कळवायला वेळ कुठला? आणि कळवणार कसं, लिहिता कुणाला येत होतं? गलबतातून मुंबईला उतरलेला मुलगा तिथूनच मोठ्या शिडांच्या जहाजात चढला, आणि गावच्या लेखी तो मुंबईलाच राहिला.

‘मोरस’ हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता. तिला मॉरिशस माहीत नव्हतं. तिची मोरस म्हणजे पांढरी, बारीक दाण्याची साखर, जी पाहुणे आले तरच डब्यातून बाहेर निघायची. रोजच्या चहाला गूळ. गुजरातीत अजूनही साखरेला मोरस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरून मुंबई बंदरात इतकी साखर उतरू लागली की बेटाचं नावच मालाला पडलं. आमच्या गावांतून गेलेल्या माणसांनी तोडलेला ऊस साखर होऊन आमच्याच गावांत परत येत होता. ती माणसं येत नव्हती. पाहुण्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून छोटी वही काढून त्यांनी देवनागरीत ‘मोरस’ असं लिहून घेतलं.

मुंबई ते पोर्ट लुई हा प्रवास शिडांवर पाच-सहा आठवड्यांचा. उतरल्यावर धक्क्याच्या पायऱ्या चढून डेपोत. त्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि 2006 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. बाईला, माणसाला, काखेतल्या मुलालाही. पहिल्या मजुरापासून शेवटच्यापर्यंत चढत जाणारे हे आकडे. मग कारकून विचारी आणि लिही: नाव, बापाचं नाव, वय, उंची किती फूट किती इंच, जात, ओळखीची खूण, जिल्हा, परगणा, गाव.

या रकान्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. आडनाव विचारलेलं नाही. साहेबाला नाव आणि बापाचं नाव पुरे होतं, आणि क्रमांक तर होताच. आमच्याकडे मात्र माणसाची खरी ओळख आडनावात, घरात आणि वाडीत असते. कुणाचा कोण, कुठल्या घरातला, देवळात मान कितवा. ते सगळं त्या पायऱ्यांवर राहिलं. पुढे मुलं झाली तेव्हा सरकारी नोंदीत बापाचं नावच मुलांचं आडनाव झालं. आज पाहुण्यांच्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी जे लिहिलंय ते त्या माणसाचं साधं हाक मारायचं नाव आहे, इंग्रजी स्पेलिंगने थोडं वाकलेलं. मॉरिशसमधल्या मराठी घरांची कितीतरी आडनावं अशीच आहेत. आपल्याला ऐकून वाटतं, हे तर एखाद्या आजोबाचं नाव. ते तसंच असतं.

करार ठरावीक वर्षांचा होता. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. याला ‘दुहेरी कपात’ म्हणत, आणि आजारी माणूसही पुष्कळदा त्यातून सुटत नसे. महिन्याचे पाच रुपये हातात पडता पडता साडेतीन-तीन होत. परतीचा फुकट प्रवास 1850 च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून टाकला होता, त्यामुळे घरी यायचं तर भाडं स्वतः साठवायचं. साडेचार लाखांतले सुमारे एक तृतीयांश लोक परतले. उरलेले तिथलेच झाले, काही मनाने, बरेच नाइलाजाने. 1866 ते 1868 या काळात बेटावर मलेरियाची साथ आली आणि तिने हजारो माणसं नेली. खापरपणजोबा तिच्यातून वाचले.

ते आपल्याला कसं कळतं? त्या छायाचित्रावरून. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही ओळखीचं तिकीट सतत जवळ बाळगणं सक्तीचं झालं, आणि त्या तिकिटावर छायाचित्र लावायचं. ज्याच्याकडे तिकीट नाही तो भटक्या ठरे. पोलीस धरून नेत. घरून मळ्यावर निघालेला माणूस तिकीट विसरला म्हणून कोठडीत जाई. पत्र्याच्या नळकांडीत घालून लोक ते गळ्यात नाहीतर कमरेला जपत.

छायाचित्र बोटाएवढं. गाल बसलेले, मिशा जाड आणि खाली वळलेल्या, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. अंगात कोट आहे, पण खांद्यावर सैल. तो त्याचा नसावा असं वाटतं. डाव्या भुवईवर केस नसलेली एक तिरकी फट. नोंदवहीत, वीसेक वर्षांपूर्वी, खूण म्हणून तेच लिहिलं होतं: डाव्या भुवईवर व्रण. दोन्ही कागद मी शेजारी ठेवले आणि माझ्या अंगावर काटा आला. मुंबईच्या जहाजातून उतरलेलं पोर आणि हा चाळिशीतला थकलेला माणूस एकच आहे, याची साक्ष एका जखमेने दिली. कशाने झाली असेल ती? नारळावरून पडून, बैलाच्या शिंगाने, की गोट्या खेळताना भावाने मारलेल्या दगडाने? इथे झाली होती, एवढं मात्र नक्की. कोकणात झालेली जखम तो तिकडे घेऊन गेला होता.

पाहुण्यांना हे छायाचित्र मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मिळालं. 1970 साली स्थापन झालेल्या या संस्थेने वसाहतीच्या काळातल्या या नोंदवह्या आणि छायाचित्रं सांभाळली आहेत, आणि वंशज क्रमांक घेऊन आले की ती त्यांना उतारा देते. क्रमांक मिळवायलाच पाहुण्यांना चार वर्षं लागली. पणजोबांच्या लग्नाची नोंद, मग त्याआधीचं एक जमिनीचं खरेदीखत. 1870 नंतर साखरेचा भाव पडला तसे मळेवाले टोकाच्या जमिनी तुकडे पाडून विकू लागले, आणि पैसा पैसा साठवलेल्या मजुरांनी त्या घेतल्या. खापरपणजोबांनी ब्लॅक रिव्हरच्या बाजूला एक तुकडा घेतला. खरेदीखतात त्यांच्या नावाखाली अंगठ्याऐवजी एक फुली आहे, आणि वकिलाने शेजारी क्रमांक लिहून ठेवलाय. त्या फुलीवरून आणि आकड्यावरून हे सगळं उलगडलं.

त्याच वर्षांत, 1871 मध्ये, बेटावरच्या जुन्या मजुरांनी सरकारकडे एक अर्ज केला. अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपियन माणसाने तो मांडला. खाली 9,401 जणांची नावं होती. त्यातून 1872 मध्ये शाही चौकशी आयोग आला, 1875 मध्ये त्याचा अहवाल निघाला, आणि मळ्यांवरचे जुलूम छापील पानांवर आले. पाहुण्यांना फार वाटतं की त्या अर्जाखाली खापरपणजोबांचीही फुली असावी.

आता माझ्या वाट्याचं काम. उताऱ्यावर जिल्हा ‘रटनागेरी’, तालुका ‘मालवन’, गाव ‘देऊलवारी’. पाहुणे पहिल्या खेपेला, माझ्याकडे येण्याआधी, रत्नागिरी शहरात आठ दिवस विचारत फिरले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की मालवण 1 मे 1981 पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. आणि देऊळवाडी! आमच्या तालुक्यात देऊळ आहे तिथे देऊळवाडी आहे. डेपोत कारकुनाने विचारलं असेल, “गाव कुठला?” आणि पोराने, आपण आजही सांगतो तसं, वाडीचं नाव सांगितलं असेल. त्याच्या जगात तेवढं पुरेसं होतं.

घरात काही आठवणी उरल्यात का, असं मी विचारलं. पाहुण्यांची आजी दिवा लावताना रवळनाथाचं नाव घ्यायची, मग सातेरीचं. मी हसले नाही, पण मन खट्टू झालं. रवळनाथ आणि सातेरी आमच्याकडे गावोगाव. आणखी काय? गणपतीत त्यांच्याकडे झाकरी नाचतात. हेन्रिएटा गावात 1896 पासून गणेशोत्सव होतो, असं तिथे सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी म्हणजे आमची जाखडी. गोल फेर, मधे ढोलकी, पायांत चाळ. त्यांनी फोनवर दाखवलं. पाय अगदी आमच्यासारखे पडतात, गाण्याचे शब्द मात्र दर दोन ओळींनी दुसऱ्याच भाषेत घसरतात. ते बघताना माझं लक्ष राहून राहून पायांकडेच जात होतं.

वाट सापडली ती शेजारच्या आकड्यांतून. माझ्या मनात आलं, आमच्याकडचा कुणी पोरगा एकटा कधी मुंबईला जातो का? गलबतात गावची चार पोरं असतात, खोलीवर गावची चार असतात, तर जहाजातही असणारच. डेपोत ती रांगेत एकामागे एक उभी राहिली असतील आणि आकडेही लागोपाठ पडले असतील. मी पाहुण्यांना म्हटलं, तुमच्या आकड्याच्या मागचे पाच आणि पुढचे पाच मागवा. ते परत गेले, संस्थेत अर्ज केला, आणि तीन महिन्यांनी उतारे आले. दोन आकडे पुढे एक माणूस होता. त्याच जहाजाचा, त्याच तालुक्याचा, वय बावीस. त्याच्या रकान्यात वाडीही लिहिली होती आणि आधी गावाचं नाव. कारकून तोच, पण हा माणूस चार शब्द जास्त बोलला होता. त्याच्या पुढच्यानेही तेच गाव सांगितलं होतं.

गावाचं नाव इथे देत नाही. पाहुण्यांची तशी इच्छा आहे, आणि गावातल्या त्या घराचीही.

या सगळ्या महिन्यांत एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. त्या नोंदी माणसाला ओळखून धरता यावं म्हणून केल्या होत्या. पळाला तर उंचीवरून पकडा, खुणेवरून पकडा, चेहऱ्यावरून पकडा. त्यामागे माया नव्हती. आणि आज त्या माणसाच्या खापरपणतवंडांना त्याचा चेहरा दिसतो तो त्यामुळेच. माझे खापरपणजोबा याच किनाऱ्यावर, याच वर्षांत राहिले. ते कुठे गेले नाहीत. त्यांचं नाव मला एका वाटणीपत्रात सापडलं, एवढंच. त्यांची उंची मला माहीत नाही. त्यांच्या भुवईवर काही होतं का, मला माहीत नाही. मोडीतल्या शेकडो कागदांत आमची माणसं जमिनीला चिकटून येतात. शेत आहे तर नाव आहे. ज्याच्या नावावर शेत नाही तो कागदात नाही. आणि जो गेला, त्याचा हिस्सा भावांत वाटला गेला की तोही गेला.

गावात आम्ही वैशाखात गेलो. देऊळवाडीतल्या एका घरच्या म्हाताऱ्यांनी छायाचित्र दूर धरून पाहिलं, मग जवळ, मग नातवाकडे दिलं. आजोबांच्या आजोबांचा एक भाऊ होता, असं त्यांच्या घरात सांगतात. “मुंबयक गेल्लो, तो परत इलोच नाय.” एवढीच गोष्ट, इतकी वर्षं, चार पिढ्या. नाव? नाव घरात कुणाला आठवत नव्हतं. भुवईची खूणही नाही. मी त्यांना सांगितलं की खात्रीने हाच तो असं मी म्हणणार नाही. गाव नक्की आहे, घर नाही. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि सुनेला सांगितलं, पाहुण्यांना शहाळं दे.

संध्याकाळी सगळे देवळात गेलो. कौलारू देऊळ, समोर दीपमाळ, बाजूला सातेरीचं वारूळ. पाहुण्यांनी नारळ आणि केळी आणली होती. गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे देवाला नुसतं हात जोडून भागत नाही. कोण आलाय, कुठल्या घरचा, कशासाठी, हे गावच्या वतीने देवाला सांगावं लागतं, आणि जमलेले सगळे “व्हय म्हाराजा” म्हणून त्याला दुजोरा देतात.

गावकरांनी विचारलं, “आडनाव काय तुमचां?”

पाहुण्यांनी पासपोर्टावरचं सांगितलं. गावकर म्हणाले, “ह्यां नाव झालां. आडनाव?”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून उतारा काढला. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं. गावकर क्षणभर थांबले, दोन्ही नावं मनाशी म्हणून बघितली, मग देवाकडे वळले.

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी सुरुवात केली, आणि अमक्याचा मुलगा अमका, अशी दोन्ही नावं मोठ्याने घेतली. “ह्यो तुझ्या गावासून गेलो, तो परत इलो नाय. आज तेचो वंश तुझ्या पायाशी इलो हा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

पुढचं गाऱ्हाणं वाटेचं, मुलाबाळांचं, पोटापाण्याचं होतं. पाहुणे पहिल्या दोन वेळा गप्पच होते. तिसऱ्या वेळी, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून त्यांचा एकट्याचा आवाज आला, थोडा चुकलेला, शेवटचा ‘जा’ लांबवलेला. गावकर त्यांच्यासाठी थांबले होते.